शब्दाची जात नव्हे, जागा पाहा: इंग्रजीत एकच शब्द अनेक कामे कशी करतो

'बुक' म्हणजे पुस्तक, आणि पुस्तक म्हणजे नाम. शाळेत असताना इंग्रजी शब्दांसाठी मी वेगळी वही घातली होती. तीन रकाने आखलेले: शब्द, अर्थ, शब्दाची जात. दोन-तीनशे शब्द सुवाच्य अक्षरात उतरवले, घोकले, आणि मग धड्यात वाक्य आले, 'प्लीज बुक अ रूम फॉर मी.' खोलीचे पुस्तक? खोलीसाठी पुस्तक? पुढच्या पानावर 'हँड' भेटला. हँड म्हणजे हात, हे वहीत होतेच. पण वाक्य होते 'हँड मी द कीज', आणि त्यात हात कुणाचाच नव्हता. 'किल्ल्या दे' एवढेच म्हणायचे होते. वहीचे पहिले दोन रकाने निदान अर्धे तरी खरे होते. घोळ तिसऱ्या रकान्यात होता.

इंग्रजीतल्या रोजच्या वापरातल्या छोट्या शब्दांना कायमची जात नसते. शब्द वाक्यात जिथे बसतो, तिथले काम तो करतो, आणि त्या कामावरून त्याला नाम, क्रियापद, विशेषण असे म्हणायचे. त्यामुळे 'या शब्दाची जात कोणती?' हा प्रश्नच अपुरा आहे. 'या वाक्यात हा शब्द काय करतोय?' असे विचारले तर उत्तर मिळते. ते शोधायचे कसे, ते पायरीपायरीने पाहू.

मराठी डोक्याला हे जड का जाते

हा प्रकार आपल्याकडे नाहीच असे नाही. 'खेळ रंगला' यात 'खेळ' नाम, 'तू खेळ' यात क्रियापद. 'मार खाल्ला' आणि 'त्या चेंडूला मार'. 'वर'ही दोन ठिकाणी राबतो: 'वर बघ' यात क्रियाविशेषण, 'टेबलावर' यात शब्दयोगी अव्यय. पण मराठी शब्द बहुधा आपली ओळख अंगावर घेऊन फिरतो. 'मांजराने उंदराला पकडले' हे वाक्य उलटसुलट केले तरी कोणी कोणाला पकडले ते कळते, कारण 'ने' आणि 'ला' शब्दाला चिकटलेले आहेत. इंग्रजीत 'द कॅट कॉट द रॅट' यातली दोन नामे अदलाबदल करा, उंदीरच मांजर पकडतो.

नामाचे क्रियापद करायलाही मराठीला काहीतरी जोडावे लागते. हात या शब्दापासून 'हाताळणे', लाथेपासून 'लाथाडणे', पाण्यापासून 'पाणावणे', रागापासून 'रागावणे'. यांना आपण नामधातू म्हणतो. नाहीतर 'करणे', 'देणे', 'घालणे' मदतीला येतात: पाणी घालणे, हात देणे. इंग्रजी काहीच जोडत नाही. 'वॉटर' उचलला आणि क्रियापदाच्या जागेवर ठेवला, झाले.

हे पहिल्यापासून असे नव्हते. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्याआधीच्या जुन्या इंग्रजीत प्रेम या अर्थाचे नाम 'लुफु' होते आणि प्रेम करणे या अर्थाचे क्रियापद 'लुफिअन'. पुढच्या काही शतकांत शब्दांची शेपटे झिजत गेली आणि दोन्हींचे 'लव्ह' झाले. प्रत्यय गेले तसा शब्दांचा क्रम कडक झाला. पूर्वी जे काम शेपूट करत होते, ते आता जागा करते.

पायरी पहिली: आधी क्रियापद पकडा

मराठीत 'तो माझा भाऊ' एवढ्यावर भागते. इंग्रजीत पूर्ण वाक्य म्हणायचे तर 'इज' हवाच. म्हणून शोध क्रियापदापासून सुरू करा. ते एकदा हाती लागले की बाकीचे शब्द निमूटपणे रांगेत येतात.

त्यासाठी सोपी युक्ती: वाक्य उद्यावर ढकला, म्हणजे त्यात 'विल' घाला. 'विल' घातल्यावर जो शब्द मूळ रूपात येतो, तो क्रियापद. 'शी वॉटर्स द प्लान्ट्स' याचे होईल 'शी विल वॉटर द प्लान्ट्स'. इथे 'वॉटर' क्रियापद आहे. 'द वॉटर इज कोल्ड' याचे होईल 'द वॉटर विल बी कोल्ड'. बदलला 'इज', 'वॉटर'ला धक्काही लागला नाही, म्हणून तो नाम. वाक्य भूतकाळात नेले तरी हेच दिसते, पण 'कट', 'पुट', 'हिट' असे शब्द भूतकाळात बदलत नाहीत आणि आपल्याला फसवतात. 'विल' फसवत नाही.

आता एक चकवा देणारे वाक्य घ्या, 'दि ओल्ड मॅन द बोट'. पहिल्या वाचनात बहुतेक जण अडखळतात, जन्मापासून इंग्रजी बोलणारेसुद्धा. म्हातारा माणूस, मग नाव, आणि वाक्य संपले? 'ओल्ड' आणि 'मॅन' ही जोडी डोळ्याला इतकी सवयीची आहे की आपण ती तोडतच नाही. 'विल' घालून पाहा. 'दि ओल्ड मॅन विल द बोट' याला काही अर्थ लागत नाही. 'दि ओल्ड विल मॅन द बोट' याला लागतो. 'मॅन' इथे क्रियापद आहे: नावेवर माणूस म्हणून राहणे, ती सांभाळणे. आणि 'दि ओल्ड' म्हणजे म्हातारी मंडळी. नाव म्हातारी मंडळी सांभाळतात!

जाता जाता: 'द' अधिक विशेषण म्हणजे तशा माणसांचा सगळा वर्ग. 'द रिच', 'द पुअर', 'द यंग'. क्रियापद मात्र अनेकवचनी, 'द रिच आर', आणि शब्दाला 'एस' लागत नाही. लावलाच तर 'रिचेस' होते, म्हणजे धनदौलत.

पायरी दुसरी: डावा शेजारी कोण आहे

'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'हिज', 'दिस', 'सम' यांपैकी कोणी डावीकडे असेल तर पुढे कुठेतरी नाम येणार हे नक्की. लगेच येईल असे नाही. 'अ लाँग, टायरिंग वॉक' यात 'अ' आणि 'वॉक' यांच्यामध्ये दोन शब्द घुसले आहेत. तरी 'अ'ने उघडलेले दार बंद करतो तो 'वॉक'च. म्हणून 'आय वॉक' यात क्रियापद असलेला शब्द इथे नाम आहे.

'विल', 'कॅन', 'मस्ट', 'शुड', 'डू नॉट' यांच्यामागोमाग क्रियापद येते. 'व्हेरी', 'टू', 'सो' यांच्या मागे विशेषण किंवा क्रियाविशेषण. इथवर सरळ आहे.

सरळ नाही तो दुसरा 'टू', ज्याच्या स्पेलिंगमध्ये एकच 'ओ' असतो. 'आय वॉन्ट टू वर्क' आणि 'आय गो टू वर्क' ही दोन वाक्ये शेजारीशेजारी लिहा. 'टू वर्क' दोन्हीकडे तेच आहे. पहिल्यात 'वर्क' क्रियापद आहे, दुसऱ्यात नाम. डावा शेजारी इथे मदत करत नाही, कारण 'टू' स्वतःच दोन नोकऱ्या करतो. मग 'माय' मध्ये सरकवून पाहायचे. 'आय गो टू माय वर्क' हे जमते. 'आय वॉन्ट टू माय वर्क' हे कानालाच खटकते. जिथे 'माय' बसतो तिथे नाम.

पायरी तिसरी: उजवा शेजारी

शब्दाच्या उजवीकडे लगेच नाम असेल तर तो शब्द त्या नामाबद्दल काही सांगत असण्याची शक्यता मोठी. 'अ राउंड टेबल', 'अ कोल्ड रूम'. पण 'अ स्टोन वॉल' याचे काय? शाळेच्या व्याकरणात 'स्टोन' इथे विशेषण म्हणून शिकवले जाते. आजचे बरेच व्याकरणकार म्हणतात की तो नामच आहे, फक्त दुसऱ्या नामाला चिकटून विशेषणाचे काम करतोय. मला दुसरी बाजू पटते, आणि त्याला कारण आहे. खऱ्या विशेषणाआधी 'व्हेरी' लावता येतो: 'अ व्हेरी कोल्ड रूम'. 'अ व्हेरी स्टोन वॉल' कोणी म्हणत नाही. परीक्षेत मात्र तुमच्या पुस्तकात जे असेल तेच लिहा. गुण तत्त्वासाठी जात नसतात.

या नामजोड्यांमध्ये क्रमाला किती किंमत आहे ते पाहायचे असेल तर 'हॉर्स रेस' आणि 'रेस हॉर्स' घ्या. पहिली शर्यत आहे, घोड्यांची. दुसरा घोडा आहे, शर्यतीचा. जोडीतला शेवटचा शब्द मालक, आधीचा त्याचा चाकर. मराठीत हे काम 'चा', 'ची', 'चे' करतात.

'आयएनजी'ने संपणारे शब्द या पायरीवर सर्वांत जास्त छळतात. 'अ स्लीपिंग चाइल्ड' आणि 'अ स्लीपिंग बॅग' यांची ठेवण अगदी सारखी. पण मूल झोपलेले आहे. पिशवी झोपलेली नाही, ती झोपण्यासाठी आहे. पहिल्यात 'स्लीपिंग' विशेषणाचे काम करणारे धातुसाधित, दुसऱ्यात नाम. ओळखायला वाक्य मोडून पाहा. 'द चाइल्ड इज स्लीपिंग' म्हणता येते. 'द बॅग इज स्लीपिंग' म्हटले तर लोक हसतील. 'अ बॅग फॉर स्लीपिंग' म्हणता येते.

पायरी चौथी: शेपूट तपासा

इंग्रजीत उरलेली शेपटे मोजकी आहेत. 'ईडी' लागले तर मूळ शब्द क्रियापद असण्याची दाट शक्यता. 'ईआर' आणि 'ईएसटी' तुलना दाखवत असतील तर विशेषण किंवा क्रियाविशेषण. 'एस' मात्र दुतोंडी आहे: नामाला लागला तर अनेकवचन, क्रियापदाला लागला तर एकवचनी कर्ता. 'द गाइड्स गाइड अस' यात पहिला 'गाइड्स' अनेकवचनी नाम. 'शी गाइड्स अस' यात तोच 'गाइड्स' क्रियापद. साध्या वर्तमानकाळात सहसा हा 'एस' कर्ता आणि क्रियापद यांपैकी एकाच्याच वाट्याला येतो: 'द डॉग बार्क्स', 'द डॉग्ज बार्क'.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. 'रिंग' म्हणजे घंटा वाजवणे, त्याचा भूतकाळ 'रँग'. पण 'रिंग' म्हणजे कडे, आणि त्या नामापासून बनलेले 'वेढा घालणे' या अर्थाचे क्रियापद घेतले तर त्याचा भूतकाळ 'रिंग्ड'. टेकड्यांनी शहर वेढले, 'हिल्स रिंग्ड द सिटी'. 'रँग' म्हणायचे नाही. नामातून क्रियापदात आलेला शब्द शिस्तीने 'ईडी' लावून घेतो. अनियमित रूपांचा हक्क जुन्या रहिवाशांचा.

पायरी पाचवी: बदली खेळाडू उतरवा

शंका आली की संशयित शब्द बाहेर काढा आणि ज्याची जात तुम्हाला पक्की ठाऊक आहे असा शब्द तिथे बसवा. 'फास्ट' घ्या. 'अ फास्ट रनर' यात 'क्विक' बसतो, म्हणून विशेषण. 'ही रन्स फास्ट' यात 'क्विकली' बसतो, म्हणून क्रियाविशेषण. 'शी ब्रोक हर फास्ट' यात 'सायलेन्स' बसतो, म्हणून नाम. 'ब्रेकफास्ट' या शब्दात तोच उपास मोडलेला आहे. 'दे फास्ट फॉर अ डे' यात 'वर्क' बसतो, म्हणून क्रियापद. अर्थ जुळला पाहिजे असे नाही, वाक्य उभे राहिले पाहिजे.

'फास्ट'वरून लक्षात येईल की 'एलवाय' नसलेली क्रियाविशेषणेही असतात. 'फास्टली' असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. 'हार्ड' आणि 'लेट' यांच्या बाबतीत 'एलवाय' लावणे नुसते चूकच नाही, अर्थ फिरवणारेही आहे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ काहीच करत नाही. नोकरीसाठीच्या शिफारसपत्रात ही गल्लत झाली तर काय होईल याचा विचार करा. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे.

पायरी सहावी: मोठ्याने म्हणून पाहा

लिहिताना एक असलेला शब्द बोलताना दोन असतो, हे पुष्कळांना उशिरा कळते, कारण आपण इंग्रजी कानाआधी डोळ्यांनी शिकतो. दोन अवयवांच्या, म्हणजे उच्चारताना दोन तुकडे पडणाऱ्या, बऱ्याच शब्दांत नामाचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अवयवावर पडतो आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर. गाण्याची 'रेकॉर्ड', पण गाणे 'रिकॉर्ड' करणे. हातातले 'प्रेझेंट', पण अहवाल 'प्रिझेंट' करणे. टेबलावरचे 'ऑब्जेक्ट', पण प्रस्तावाला 'अब्जेक्ट' करणे. आघात सरकला की उरलेल्या अवयवातला स्वर आखडतो, म्हणून देवनागरीतही फरक दिसतो. 'इम्पोर्ट', 'इन्क्रीज', 'प्रोटेस्ट', 'परमिट' हे याच पंक्तीतले. पण नियम सरसकट लावू नका: 'रिप्लाय', 'सपोर्ट', 'रिस्पेक्ट' यांत नाम असो वा क्रियापद, आघात दुसऱ्याच अवयवावर राहतो.

दुसरा फरक शेवटच्या व्यंजनाचा. 'यूस' नाम, 'यूझ' क्रियापद. 'हाउस' घर, 'हाउझ' घर देणे. 'क्लोस' म्हणजे जवळचा, 'क्लोझ' म्हणजे बंद करणे. या तिघांचे स्पेलिंग बदलत नाही. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' यांत मात्र बदलते, नामात 'सी' आणि क्रियापदात 'एस', आणि तिथे आपल्याकडचे अर्धे अर्ज घसरतात.

तिसरा, 'एटीई'ने संपणारे शब्द. 'सेपरेट', 'एस्टिमेट', 'ग्रॅज्युएट'. क्रियापद असेल तर शेवट 'एट' असा लांब, नाम किंवा विशेषण असेल तर तो 'इट'सारखा तोकडा. एवढे पुरे.

तीन भावंडे: आफ्टर, बिफोर, सिन्स

हे शब्द शब्दयोगी, उभयान्वयी आणि क्रियाविशेषण अशा तिन्ही जागा अडवतात. इथे फक्त उजवीकडे काय आहे ते पाहायचे. उजवीकडे नाम असेल तर शब्दयोगी: 'आफ्टर द मीटिंग'. उजवीकडे कर्ता आणि क्रियापद असलेले आख्खे उपवाक्य असेल तर उभयान्वयी: 'आफ्टर द मीटिंग एंडेड'. उजवीकडे काहीच नसेल तर क्रियाविशेषण: 'शी लेफ्ट सून आफ्टर'. पहिली दोन उदाहरणे 'मीटिंग'पर्यंत अगदी एकसारखी चालतात, म्हणून घाईने निकाल देऊ नका. पुढे क्रियापद येतेय का ते पाहून मगच बोला.

'इन', 'अप', 'ऑफ', 'ओव्हर' यांच्याबाबतीत वेगळीच पंचाईत. 'ही रॅन अप अ हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. एका अक्षराचा फरक. पहिल्यात तो टेकडीवर धावत चढला. 'अप' टेकडीशी जोडलेला आहे, म्हणून शब्दयोगी. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली; 'अप' क्रियापदाशी जोडलेला आहे. ओळखायची रीत अशी की 'अप'ला नामाच्या पलीकडे ढकलायचे. 'ही रॅन अ बिल अप' चालते. 'ही रॅन अ हिल अप' चालत नाही.

आणि 'दॅट'. हे इंग्रजीतले खरे बहुरूपी पात्र. 'आय नो दॅट दॅट दॅट दॅट ही यूझ्ड इज राँग.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. पहिला 'दॅट' म्हणजे आपला 'की', उभयान्वयी. दुसरा 'तो', दर्शक विशेषण. तिसरा 'दॅट' हा शब्द स्वतः, म्हणून नाम. चौथा 'जो', संबंधी सर्वनाम. 'त्याने जो दॅट वापरला तो चूक आहे हे मला माहीत आहे.' एवढ्यावर न थांबता तो 'इट इज नॉट दॅट बॅड' यात क्रियाविशेषणही होतो: इतके काही वाईट नाही. 'दॅट' ओळखताना त्याच्या जागी की, तो, जो, ते, इतका यांपैकी काय बसते ते पाहा. इथे मराठी उत्तरांचा आधार शंभर नियमांपेक्षा उपयोगी पडतो.

नाम क्रियापद झाले की अर्थ कोणीकडे वळतो

जागा ओळखली तरी अर्थ लावायचा राहतोच. सुदैवाने त्यात काही वळणे ठरलेली आहेत. हत्यार असेल तर त्याने काम करणे: 'हॅमर', 'ब्रश', 'कोम'. भांडे किंवा जागा असेल तर तिच्यात ठेवणे: 'बॉटल', 'पॉकेट', 'बॉक्स'. माणूस असेल तर त्याच्यासारखे वागणे: 'नर्स', 'गार्ड', 'पायलट'. शरीराचा भाग असेल तर त्या अवयवाने सहसा जे करतो ते: 'हँड' म्हणजे हातात देणे, 'आय' म्हणजे न्याहाळणे, 'शोल्डर' म्हणजे जबाबदारी खांद्यावर घेणे, 'एल्बो' म्हणजे कोपराने ढोसत पुढे सरकणे.

पदार्थाची नावे मात्र दोन उलट दिशांना जातात. 'पेंट' म्हणजे रंग लावणे, पण 'वीड' म्हणजे तण काढणे. 'डस्ट' दोन्ही करतो. कपाट 'डस्ट' केले तर धूळ झटकली. पृष्ठभागावर पावडर 'डस्ट' केली तर भुरभुरली. इथे व्याकरण हात वर करते. त्या वस्तूचे त्या जागी असणे इष्ट की अनिष्ट, एवढ्या व्यवहारज्ञानावर अर्थ ठरतो.

उलट प्रवासही होतो. क्रियापद नाम झाले की त्याला आधाराला 'हॅव', 'टेक', 'गिव्ह', 'मेक' लागतात: 'हॅव अ लुक', 'टेक अ वॉक', 'गिव्ह इट अ ट्राय'. 'आय लुक्ड' आणि 'आय हॅड अ लुक' यांत फरक बारीक आहे. दुसऱ्यात काम थोडक्यात उरकल्याची छटा येते, आपल्या 'जरा नजर टाकली'सारखी.

नवे शब्दही याच वाटेने येतात. 'गूगल' हे कंपनीचे नाव, पण 'गूगल करणे' या अर्थी ते क्रियापद म्हणून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत २००६ साली दाखल झाले. आपण मात्र 'गूगल कर' म्हणतो. 'करणे' काही सुटत नाही!

सगळे शब्द सगळीकडे बसत नाहीत

एवढे वाचून कोणताही शब्द कुठेही बसवायचा उत्साह आला असेल, तर जरा थांबा. 'अराइव्ह'पासून 'अरायव्हल' हे नाम आधीच तयार आहे, म्हणून 'अ क्विक अराइव्ह' होत नाही. जागा आधीच भरलेली असेल तर नव्याला प्रवेश नाही. 'सक्सीड' असताना 'आय विल सक्सेस' चुकते. 'लूझ' असताना 'दे लॉस द मॅच' चुकते. 'बिलीफ' नाम, 'बिलीव्ह' क्रियापद. 'चॉइस' नाम, 'चूज' क्रियापद. हे जोडीनेच लक्षात ठेवा.

काही चुका तर थेट मराठीतून येतात. 'मी सहमत आहे' यात 'सहमत' विशेषण आहे, म्हणून 'आय ॲम ॲग्री' तोंडातून निघते. पण 'ॲग्री' क्रियापद आहे. 'आय ॲग्री' एवढेच हवे. उलट बाजूला 'ओपन' आणि 'क्लोझ' ही बेइमान जोडी. 'ओपन' क्रियापदही आहे आणि जसेच्या तसे विशेषणही, म्हणून 'द डोअर इज ओपन'. त्याच्या तालावर 'द डोअर इज क्लोझ' लिहिले की फसलो, कारण 'क्लोस' विशेषणाचा अर्थ जवळचा. तिथे 'क्लोझ्ड' पाहिजे. दुकानांच्या पाट्यांवर ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता बरोबर पाटी दिसली तर थबकतो.

शब्दकोशाकडे कसे पाहायचे

शब्दकोशात 'एन', 'व्ही', 'एडीजे', 'एडीव्ही' अशी अक्षरे असतात, त्यांच्याकडे आपण क्वचित लक्ष देतो. यापुढे उलट क्रम लावा. आधी वरच्या पायऱ्यांनी वाक्यातली जागा ठरवा, मग कोशात नेमक्या त्याच खुणेखालचे अर्थ वाचा. 'राउंड'चे सगळे अर्थ वाचत बसण्यापेक्षा क्रियापदाखालचे चार वाचणे परवडते.

काही वेळा एकच स्पेलिंग दोन वेगळ्या नोंदींत दिसते, आणि शब्दाच्या डोक्यावर १, २ असे बारीक आकडे असतात. याचा अर्थ हे एका शब्दाचे दोन अवतार नाहीत. मुळातच दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे लिहिले जातात. विहीर या अर्थाचा 'वेल' आणि चांगल्या रीतीने या अर्थाचा 'वेल' यांचे गोत्र एक नाही. 'डाउन'चेही तसेच. मऊ पिसे या अर्थाचा 'डाउन' स्कँडिनेव्हियातून आला, तर खाली या अर्थाचा 'डाउन' जुन्या इंग्रजीतल्या 'टेकडीवरून' या शब्दसमूहाचा झिजलेला तुकडा आहे. अशा शब्दांत अर्थाचा धागा शोधत बसू नका, तो नसतोच.

हात साफ करून घ्या

'राउंड'ची पाच वाक्ये देतो. उत्तरे झाकून आधी स्वतः ठरवा.

शी बॉट अ राउंड मिरर. उजवीकडे नाम, 'व्हेरी' लावता येतो: विशेषण.

द सेकंड राउंड ऑफ टॉक्स फेल्ड. डावीकडे 'द', 'विल' बसतो 'फेल'च्या आधी: नाम.

द शिप राउंडेड द केप. शेपटीला 'ईडी', उजवीकडे कर्म: क्रियापद.

दे सॅट राउंड द फायर. क्रियापद 'सॅट' सापडलेच आहे, उजवीकडे नाम: शब्दयोगी. 'राउंड द फायर' आणि आधीच्या वाक्यातले 'राउंडेड द केप' यांची ठेवण शेजारीशेजारी पाहा. शेपटी झाकली तर डोळा फसेल, 'विल' फसणार नाही.

शी टर्न्ड राउंड. उजवीकडे काही नाही: क्रियाविशेषण.

आता थोडे अवघड. 'आय सॉ हर डक.' याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही बरोबर. मला तिचे बदक दिसले; किंवा, ती खाली वाकलेली मला दिसली. 'डक' नाम धरला तर 'हर' म्हणजे तिचे, क्रियापद धरला तर 'हर' म्हणजे तिला. एकाने जागा बदलली की शेजाऱ्यालाही बदलावी लागते. 'हर'च्या जागी 'हिम' आणि 'हिज' घालून पाहा. 'आय सॉ हिम डक', 'आय सॉ हिज डक'. दोन अर्थ लगेच सुटे होतात, कारण पुल्लिंगी रूपे अजून वेगवेगळी उरली आहेत.

शेवटचा शब्द 'बट'. 'आय कॉल्ड, बट ही डिड नॉट अन्सर', इथे 'पण', उभयान्वयी. 'एव्हरीवन बट मी', इथे 'सोडून', शब्दयोगी. 'शी इज बट अ चाइल्ड', इथे 'फक्त', क्रियाविशेषण. थोडे जुन्या वळणाचे आहे, पण वाचनात येते. आणि सबबी सांगणाऱ्याला गप्प करायला इंग्रजीत एक जुना वाक्प्रयोग आहे, 'बट मी नो बट्स'. यातला दुसरा 'बट' ओळखणे सोपे: शेपटीला 'एस', डावीकडे 'नो', म्हणजे नाम. पहिल्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर जा. या वाक्यात आज्ञा देणारे दुसरे कोणतेच क्रियापद नाही, आणि 'यू विल नॉट बट मी' असे म्हणून पाहिले तर वाक्य उभे राहते. तर 'पण' या शब्दाचे ते क्रियापद आहे. मराठीत हे सांगायचे तर आपल्याला 'पणबिण काही सांगू नकोस' असे 'सांगणे' आणावे लागते.